एम.एस्सी. प्राणिशास्त्र: नाशिक की पुणे?

मुलीने प्राणिशास्त्रातील एम.एस्सी. नाशिकमध्येच करावी की पुण्याला जावे, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी वसतिगृहाच्या खर्चाचाच हिशेब मांडला आहे. मला विषयासंबंधी थोडी भर घालावीशी वाटते. नाशिकमधील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहेत, त्यामुळे पदवीवर नाव तेच येईल. खरा फरक पडतो तो संशोधन प्रकल्पात. तिचा ओढा पक्ष्यांकडे किंवा पाणथळ परिसंस्थांकडे असेल, तर निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे, २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेले नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य हाताशी असताना पुण्याची घाई मला तरी अनाठायी वाटते. हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात तेव्हा दर आठवड्याला पहाटे तिथे पोहोचून नोंदी घेणे नाशिककरालाच परवडते. रेणवीय जीवशास्त्राची आवड असल्यास मात्र दोन्हीकडच्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे.

शिवाय, पुढे संशोधनवृत्ती किंवा प्राध्यापकीसाठी द्याव्या लागणाऱ्या सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत प्राणिशास्त्र हा स्वतंत्र विषय नसून ‘जीवविज्ञान’ या एकाच प्रश्नपत्रिकेत वनस्पतींच्या शरीरक्रियेसह सारे येते, म्हणून बी.एस्सी.ची वनस्पतिशास्त्राची पुस्तके रद्दीत घालू नयेत. आमच्या घरी ती चूक झालेली आहे.