मराठी मंडळीची उपस्थिती घटतेय, सुरुवात कुठून करावी?

कळवेकर
सर्वांना सलाम. ठाण्यातली मराठी प्रोटेस्टंट मंडळी, म्हणजे आमचं चर्च. रजिस्टरवर ११० कुटुंबं, रविवारी बाकांवर जेमतेम ५० माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. नाताळला मात्र उभं राहायला जागा नसते. कमिटीत काहींचं म्हणणं, गिटार-ड्रम आणा आणि उपासना इंग्रजीत करा. बाकीचे म्हणतात, आहे तसंच चालू द्या. आधी काय तपासावं?

नेरूळ_पूर्व
दादा, वाद बाजूला ठेवा आणि आधी मोजा. नाताळ-ईस्टर सोडून सलग आठ रविवार, वयोगटाप्रमाणे: १२ पर्यंत, १३ ते २५, २६ ते ४५, ४६ ते ६०, त्यापुढचे. मग रजिस्टरवरच्या प्रत्येक कुटुंबापुढे आजचा पत्ता लिहा. खड्डा बहुधा २६ ते ४५ मध्येच निघतो. पोरांना हाताला धरून आणणारी माणसं हीच, त्यामुळे ती तुटली की दोन-तीन वर्षांत संडे स्कूल ओस पडतं. यातले बरेच जण विश्वास सोडून गेलेले नसतात. लग्न झालं, ठाण्यात घर परवडेना, बदलापूर नाहीतर तळोज्याला गेले. उपासना साडेनऊची, सुटायला सव्वाअकरा, आणि लोकलचा मेगाब्लॉक साधारण त्याच सुमाराला लागतो. कडेवर पोर घेऊन फलाटावर ताटकळणारं कुटुंब पुढच्या रविवारी येत नाही. नऊला सुरू करा, सव्वादहाला सोडा. संदेश (प्रवचन) २० मिनिटं, सूचना आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर.

लांबच्यांसाठी स्टेशनवार ८-१० कुटुंबांचा गट करून महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी तासभर प्रार्थना ठेवा. फक्त चहा-बिस्किटं. जेवण सुरू झालं की पुढचं घर यजमान व्हायला कचरतं आणि गट तिसऱ्या महिन्यात बंद पडतो.

पेटी_तबला
इंग्रजीबद्दल कळकळीने सांगतो, घाई करू नका. वेगळी इंग्रजी उपासना काढली की आजी एकीकडे, नातू दुसरीकडे. एका मंडळीच्या दोन होतात. खरी अडचण वाचनाची आहे. इंग्रजी माध्यमातलं पोर मराठी बोलतं, पण गीताचा नंबर पुकारल्यावर पुस्तकातल्या पहिल्या जोडाक्षराशी अडखळतं. ते सुटेपर्यंत बाकीचे दुसऱ्या कडव्यावर असतात. मग ते पुस्तक मिटून मोबाईल काढतं. म्हणून दर महिन्याला एकच नवं गीत घ्या, चारही रविवार तेच. शब्द भिंतीवर मोठ्या देवनागरीत, एका वेळी दोनच ओळी. संडे स्कूलमध्ये दहा मिनिटं त्याच गीताचं वाचन. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची भजनं घराघरात रुजली, कारण ओवी-अभंगाची चाल लोकांच्या कानात आधीपासूनच होती. गिटार जरूर घ्या, पण चाल तीच ठेवा आणि पट्टी सर्वांना झेपेल अशी, नाहीतर वाजवणारेच गातात आणि बाकीचे ऐकत बसतात.

हिशेबनीस
तरुणांना फक्त स्टेज सजवायला बोलावू नका. कमिटीत पस्तिशीच्या आतले किमान दोघं हवेत, आणि हातात खरं काम हवं: दानपेटीची मोजणी (नेहमी दोघांनी मिळून, तिथेच सही), खजिनदाराला मदत, उपासनेत शास्त्रवाचन (बायबलमधला उतारा वाचणं). वाचायचा उतारा मंगळवारी द्या. रविवारी सकाळी पुस्तक हातात कोंबलं की पोर अडखळतं, लोक वळून बघतात, आणि ते पुन्हा कधी पुढे येत नाही. दर तिमाहीला जमाखर्च फलकावर लावा. वर्गणी कुठे जाते हे कळलं नाही की कमावती माणसं न भांडता दूर होतात, आणि तेच सर्वात वाईट.

कळवेकर
मोजणी या रविवारपासून धरतो. घरभेटी कुणापासून सुरू करू?

नेरूळ_पूर्व
सलग तीन रविवार न दिसलेल्यांपासून. त्याच आठवड्यात फोन, पुढच्या आठवड्यात भेट. पाळकांसोबत (पास्टर) त्या कुटुंबाच्याच वयाचं एक जोडपं असू द्या. आजारपण, नोकरी, पोरांची परीक्षा विचारा, प्रार्थना करा, अर्ध्या तासात उठा. वर्षभर न आलेल्या घरी दुसऱ्या टप्प्यात जा. आणि तिथे पावतीपुस्तक अजिबात नेऊ नका.