वर्डमध्ये तारीख उजवीकडे टिकत नाही, फॉन्टही बदलत नाही

भाजणी: सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस टाईप करायचं काम गळ्यात पडलंय आणि वर्ड मला नवीन आहे. डावीकडे जावक क्रमांक, त्याच ओळीत उजवीकडे तारीख असं हवंय. स्पेसबार दाबत दाबत तारीख नेते, घरी बरोबर दिसतं, झेरॉक्सवाल्याकडे फाईल उघडली की तारीख खालच्या ओळीत! शिवाय फॉन्ट कुठलाही निवडा, इंग्रजी अक्षरं बदलतात पण मराठी आहेत तश्शीच. काय भानगड आहे?

कट्टेकरी: स्पेसबारचा नाद सोडा आधी. स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते, त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की वर्ड दुसरा लावतं आणि सगळं गणित कोलमडतं. तारीख एकटीच ओळीत असेल तर कर्सर तिथे ठेवून कंट्रोल+आर, बास. मधोमध हवं तर कंट्रोल+ई, डावीकडे कंट्रोल+एल. पण तुम्हाला एकाच ओळीत दोन्ही हवंय ना, मग व्ह्यूमधून रूलर चालू करा, त्याच्या डाव्या टोकाला छोटा चौकोन असतो त्यावर उलटा एल येईपर्यंत क्लिक करत रहा (तो राइट टॅब), मग रूलरवर उजव्या मार्जिनपाशी क्लिक करा. आता क्रमांक टाईप करून एकदाच टॅब दाबा आणि तारीख लिहा. हलणार नाही.

निळीशाई: फॉन्टचं असं की कॅलिब्री, टाइम्स न्यू रोमन यांच्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, मग बदलणार काय? मंगल, निर्मला यूआय किंवा कोकिला घ्या. कोकिला त्याच साइझला बारीक दिसतो, थोडा वाढवावा लागतो. कंट्रोल+डी केलंत की फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसेल, मराठीचा फॉन्ट आणि साइझ तिथे. आणि मंगलच्या ओळी लांब लांब पडतात म्हणून लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून आकडा फार खाली आणू नका, वेलांट्या नि रफार छाटले जातात, नोटीस बोर्डावर ते फारच वाईट दिसतं.

कट्टेकरी: +१. आणि झेरॉक्सवाल्याला वर्ड फाईल देऊच नका, सेव्ह अ‍ॅजमधून पीडीएफ करा, फॉन्ट त्यातच जातो. त्याआधी लेआउटमध्ये साइझ ए४ आहे का बघा, बऱ्याचदा लेटर असतं. ते ए४पेक्षा रुंद आणि आखूड, सह्यांची जागा भलत्याच पानावर जाते.

भाजणी: टॅब जमला!! पण मागच्या वर्षीची फाईल मिळालीय त्यात सगळीकडे स्पेसच स्पेस आहेत, नवीन टाईप करू का?

निळीशाई: नको हो. होममधलं ¶ बटण दाबा, प्रत्येक स्पेस टिंब होऊन दिसेल, टॅब बाण होऊन. मग कंट्रोल+एच, वरच्या खान्यात दोन स्पेस, खालच्यात एक, रिप्लेस ऑल. काही सापडत नाही म्हणेपर्यंत दाबत रहा. नवीन पानासाठी एंटरची रांग लावलेली असेल तर तीही उडवा, तिथे कंट्रोल+एंटर द्या.