घरच्या बिअरसाठी रेसिपी सॉफ्टवेअर : वर्गणी भरावी की आपली एक्सेलची फाइलच बरी?

चोथा-पाणी (स्लाव, इंग्लंड)

गेली चार वर्षे मी घरी बिअर करतो. त्यांतली पहिली दोन वर्षे एक्स्ट्रॅक्टच्या (माल्टच्या तयार अर्काच्या) डब्यांवर निभावली. सातूच्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) सुरुवात करायची ठरवली तेव्हा सर्वांनी एकमुखाने रेसिपी सॉफ्टवेअर घेण्याचा सल्ला दिला आणि मी एका ऑनलाइन सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरली. ही वर्गणी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला संपते आणि ती पुन्हा भरू नये, अशा मताला मी आलो आहे. सॉफ्टवेअरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप एका कंपनीवर नसून या साधनांवर आपण टाकतो त्या विश्वासावर आहे.

माझ्या नेहमीच्या पेल एलमध्ये २० लिटरला ४.५ किलो माल्ट पडतो. एक किलो माल्टमधून एका लिटरला जास्तीत जास्त ३०८ अंश (पाण्याच्या १.००० घनतेवरचा प्रत्येक हजारावा भाग म्हणजे एक अंश) मिळू शकतात असे धरले आणि त्यांतले प्रत्यक्ष हाती येणारे, म्हणजे उतारा, ७२ टक्के मानला, तर ४.५ गुणिले ३०८ गुणिले ०.७२ भागिले २० म्हणजे ५० अंश, अर्थात मूळ (आंबण्यापूर्वीची) घनता १.०५० यायला हवी. (एफिशियन्सीला मी उताराच म्हणतो. साखर कारखान्यांचा हा शब्द इथे चपखल बसतो.) सॉफ्टवेअरनेही हाच आकडा दिला होता, प्रत्यक्षात हायड्रोमीटरवर (घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवर) १.०४३ आले. उतारा ६२ टक्केच पडतो असा निष्कर्ष काढून मी सॉफ्टवेअरमध्ये तसा बदल केला आणि त्याच्या सांगण्यावरून पुढच्या खेपेला माल्ट ५.२ किलो घेतला. आता १.०५० यायला हवे होते, आले १.०५७. तेच भांडे, तीच गिरणी, त्याच दुकानातला माल्ट, आणि तरीही एकदा खाली, एकदा वर.

कडवटपणाची गत तर याहून वाईट आहे. ६ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा देणाऱ्या घटकाचे) ३० ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी फुले, ६० मिनिटे उकळले, तर ग्लेन टिनसेथ यांच्या सूत्राने २१ आयबीयू (कडवटपणाचे एकक) येतात आणि जॅकी रेगर यांच्या सूत्राने २८. सेटिंगमध्ये एक टिचकी मारली की पातेल्यातली बिअर जागची न हलता एक तृतीयांशाने कडू होते! सूत्रे जर सर्वांना खुली आहेत आणि त्यांच्यातच एकमत नाही, तर त्यांना रंगीत पडद्यावर मांडण्यासाठी दरवर्षी पैसे का मोजावेत? घनता, रंग, कडवटपणा आणि पाणी ही चार गणिते एक्सेलमध्ये बसतात. विरोधी मते अवश्य मांडावीत.

हडसनकाठ (जर्सी सिटी)

धागालेखकांशी मी जवळपास कोणत्याही मुद्द्यावर सहमत नाही, आणि सुरुवात त्यांच्या ‘चार गणितां’पासूनच करतो. पाणी हे एक गणित नव्हे, ती पाच-सहा गणितांची साखळी आहे. आंबवणाच्या भांड्यात २० लिटर वर्ट (माल्टचा अजून न आंबलेला गोड रस) हवा असेल, तर तळाच्या गाळात साधारण दीड लिटर सोडावा लागतो, उकळता वर्ट निवताना सुमारे चार टक्के आकसतो, तासाभराच्या उकळीत माझ्या भांड्यातून साडेतीन लिटर वाफ होऊन जाते आणि ४.५ किलो धान्याचा चोथा किलोला एक लिटर या हिशेबाने साडेचार लिटर पिऊन बसतो. म्हणजे नळाखाली सुमारे ३० लिटर पाणी भरायचे असते. आता उकळी ६० ऐवजी ९० मिनिटांची करायची ठरवली, तर पाणी बदलते, उकळीपूर्वीची घनता बदलते आणि घनता बदलल्यामुळे हॉप्समधून उतरणारा कडवटपणाही बदलतो. एक्सेलमध्ये हे होते, नाही असे नाही. पण ते सर्व धागे जोडून होईपर्यंत आपण बिअर करणारे न राहता सॉफ्टवेअर लिहिणारे झालेले असतो, आणि तेही वर्गणीपेक्षा महाग पडणाऱ्या वेळात.

याखेरीज मॅशच्या, म्हणजे धान्याची भरड गरम पाण्यात भिजवण्याच्या, पाण्याचे तापमान आहे. धान्य १८ अंशांवर असेल, किलोमागे ३ लिटर पाणी असेल आणि मॅश ६७ अंशांवर स्थिरावायला हवा असेल, तर पाणी ७३.७ अंशांना घ्यावे लागते. जानेवारीत गॅरेजमधले धान्य ५ अंशांवर असते तेव्हा हाच आकडा ७५.५ होतो. सकाळी सात वाजता, हातात पळी असताना हे गणित मला स्वतः करायचे नाही.

टिनसेथ आणि रेगर यांच्यातील फरक हा सॉफ्टवेअरचा दोष कसा, हेही मला कळले नाही. हीच सूत्रे एक्सेलमध्ये घातली म्हणून त्यांचे एकमत होणार आहे काय?

तिसरी उकळी (म्युनिक)

आपण दोघेही अचूकतेवर भांडत आहात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे की रेसिपी कोणाच्या ताब्यात राहते.

मी पूर्वी एका छोट्या ऑनलाइन सेवेवर सहा वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या. सेवा बंद होण्याची सूचना आली तेव्हा सर्व काही बिअर-एक्सएमएल (रेसिपी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या) स्वरूपात उतरवून घेतले आणि निर्धास्त झालो. नव्या ठिकाणी फाइल उघडली तेव्हा खरी गंमत दिसली. हॉप्स कधी घातले, यासाठी त्या स्वरूपाच्या पहिल्या आवृत्तीत मॅश, पहिला वर्ट, उकळी, अरोमा आणि ड्राय हॉप असे पाचच कप्पे आहेत. उकळी बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत निववून घातलेले हॉप्स कोणत्या कप्प्यात जावेत, याला तिथे उत्तर नाही. ते माझ्या फाइलमध्ये अरोमा म्हणून आले, नव्या सॉफ्टवेअरने त्यांचा कडवटपणा शून्य धरला आणि माझी ३८ आयबीयूची आयपीए (हॉप्सचा भर असलेली बिअर) कागदोपत्री २६ वर आली. हॉप्सचे वजनही त्यात किलोमध्येच लिहिलेले असते. ०.०३० पाहून हे ३० ग्रॅम आहेत हे ध्यानात यायला मला क्षणभर थांबावे लागले.

म्हणून माझा आग्रह असा की रेसिपी आपल्या संगणकावरच हवी. बिअरस्मिथ हे २००३ पासूनचे सॉफ्टवेअर संगणकावर बसवता येते आणि त्याच्या फाइल आपल्याकडे राहतात. ब्रूटार्गेट तर मोफत आहे आणि त्याची संहिताही सर्वांना खुली आहे, दिसायला मात्र ते सरकारी अर्जासारखे आहे. ब्रूफादर हे वर्गणीचे ऑनलाइन सॉफ्टवेअरही मी वापरून पाहिले. तरंगत्या इलेक्ट्रॉनिक हायड्रोमीटरची आकडेवारी त्यात आपोआप येऊन पडते, ही सोय फार मोहात पाडणारी आहे. पण त्याच्या मोफत खात्यात दहाच रेसिपी मावतात, आणि वर्गणीवर चालणारी वही ही माझ्या दृष्टीने भाड्याच्या घरातल्या माळ्यासारखी आहे.

धागालेखकांच्या बाजूने एक मुद्दा मांडून ठेवतो. मार्टिन ब्रंगार्ड यांचे ब्रुन वॉटर, ज्यावर पाण्याच्या क्षारांचा हिशेब कित्येक जण डोळे मिटून सोपवतात, ती मुळात एक्सेलची फाइलच आहे. स्लावच्या चुनखडीच्या पाण्यात पेल एल करणाऱ्याला मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ मध्ये ठेवण्यासाठी तिचा जितका उपयोग होईल, तितका रंगीत पडद्यांचा होणार नाही.

कोथरूडकर (पुणे)

मी पुण्यातील एका मायक्रोब्रूअरीत भट्टीवर काम करतो. (वाचणाऱ्या इथल्या मित्रांसाठी आधीच लिहितो की महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे आणि त्यात घरची बिअरही आली. वर लिहिणाऱ्यांच्या देशांत ती मुभा आहे, आपल्याकडे नाही.)

सॉफ्टवेअरच्या बाबतीत आमच्याकडचा अनुभव असा. आमचे सल्लागार परदेशात घरी केलेली २० लिटरची रेसिपी घेऊन येतात, ‘स्केल’ नावाचे बटण दाबतात आणि ५०० लिटरचा कागद आमच्या हातात ठेवतात. बटणाने प्रत्येक आकड्याला २५ ने गुणलेले असते. परंतु घरच्या २० लिटरच्या पातेल्यातला वर्ट थंड पाण्याची कॉइल घातली की वीस मिनिटांत निवतो, आमचे ५०० लिटर मात्र उकळी थांबल्यावरही बराच वेळ ८० अंशांच्या वर राहतात आणि शेवटी सुगंधासाठी म्हणून घातलेले हॉप्स तेवढा वेळ कडवटपणा सोडत राहतात. वाफेचेही तसेच आहे. हडसनकाठ यांचे साडेतीन लिटर म्हणजे त्यांच्या भांड्यातले १४ टक्के झाले, आमच्या भांड्यातून तासाला ६ टक्क्यांच्या आसपासच जाते. पहिली खेप त्यामुळे पातळ आणि कडू झाली.

यावरून सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. भांड्याची स्वतंत्र नोंद तयार केली आणि तीन खेपांचे खरे आकडे तिच्यात भरले, की तेच सॉफ्टवेअर शहाणे झाले. आयबीयूचा आकडा मी स्वतःच्याच मागच्या बिअरशी ताडून पाहतो, दुसऱ्याच्या बिअरशी कधीच नाही. एक सूत्र धरावे आणि ते सोडू नये. टिनसेथ की रेगर, हा वाद आमच्या भट्टीवर कोणी घालत नाही.

चोथा-पाणी

सर्वांचे आभार. तिसरी उकळी यांचा ताब्याचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. हडसनकाठ यांच्या पाण्याच्या साखळीतली प्रत्येक कडी वजाबाकी-बेरजेचीच आहे आणि ती एक्सेलच्या सहा ओळींत मावते, आताच मांडून पाहिली. माझा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. भांडे तेच असताना माझा उतारा एका खेपेत ६२ आणि दुसऱ्या खेपेत ७१ टक्के कसा?

हडसनकाठ

आधी विचारायला हवे होते ते आता विचारतो. दोन्ही खेपांची घनता आपण किती तापमानाला मोजलीत?

चोथा-पाणी

पहिल्या वेळी रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणून चिलर (वर्ट निववणारी कॉइल) थोडा लवकर काढला. थर्मामीटर ४० दाखवत होता. नमुन्याची नळी बोटांना चांगलीच गरम लागत होती, हे आठवते. दुसऱ्या वेळी सकाळी मोजली, तेव्हा २० असावे.

हडसनकाठ

मग कोडे सुटले. आपल्या हायड्रोमीटरच्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरांत २० अंश असे छापलेले असेल. ४० अंशांच्या वर्टमध्ये तो अधिक खोल बुडतो आणि सुमारे ०.००६ ने कमी दाखवतो, म्हणजे आपले १.०४३ हे प्रत्यक्षात १.०४९ होते. त्यावरून उतारा काढला तर ७१ टक्के येतो, आणि दुसऱ्या खेपेचे ५.२ किलो, ७१ टक्के उतारा आणि २० लिटर हे आकडे मांडले तर बरोबर १.०५७ येते. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा बरोबर होते. चुकीचा उतारा आपण त्याला भरवलात आणि त्याने तो निमूटपणे मान्य केला. त्या पहिल्या बिअरची अंतिम (आंबून झाल्यावरची) घनता काय होती?

चोथा-पाणी

१.०११. मी बाटल्यांवर ४.२ टक्के मद्यार्क असे लिहून वाटल्या होत्या. नव्या आकड्याने हिशेब केला तर पाच टक्के भरते. दोन मित्र तेव्हा म्हणाले होते की हिला चार टक्क्यांची कोण म्हणेल, आणि मी त्यांना हसलो होतो.

चूक माझी, हे मान्य. पण आपले शेवटचे वाक्यच माझ्या मुद्द्याला बळ देते. उतारा ७२ वरून ६२ करताना त्या सॉफ्टवेअरने मला एका शब्दाने विचारले नाही की हा आकडा कुठून आला. एक आकडा बदलला आणि पुढची सगळी रेसिपी नव्याने मांडून मोकळे झाले. स्वतःच्या तक्त्यात मी घनतेच्या शेजारी तापमानाचा रकाना ठेवला असता आणि तो रिकामा दिसला असता तर निदान खटकले असते.

हडसनकाठ

तापमानाची दुरुस्ती करणारा गणक अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतोच, आपणच तो उघडला नाही. आणि खरे सांगावे, तर रात्री साडेअकरा वाजता आपण तो रकानाही रिकामाच ठेवला असता.

तिसरी उकळी

यात तथ्य आहे. माझ्या वहीतले तापमानाचे अर्धे रकाने रिकामे आहेत.

चोथा-पाणी

येत्या शनिवारी पुन्हा तीच पेल एल करतो : ४.५ किलो माल्ट, ३० लिटर पाणी, ६० मिनिटांची उकळी, आणि घनता २० अंशांना. सॉफ्टवेअरमध्ये उतारा ७१ ठेवतो आणि शेजारी एक्सेलही चालवतो. वर्गणीचा निर्णय १४ तारखेच्या आत इथे कळवीन. या वेळी गिरणीची फटही थोडी कमी करून पाहण्याचा विचार आहे, भरड जरा जाड वाटते.

कोथरूडकर

कृपा करून या खेपेला गिरणीला हात लावू नये. भरड बारीक झाली की उताराही बदलणार, मग १.०५३ आले तर त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, यावर आपण सगळे पुन्हा इथे जमणार.