डिझेल पिकअपचं सिंथेटिक ऑइल: मंजुरीचा नंबर बघायचा की डब्यावरचा 'सिंथेटिक' शब्द?

डिपस्टिक

डिझेल पिकअपसाठी ऑइल घ्यायचं म्हटलं की चर्चा ब्रँडवर सुरू होते आणि ब्रँडवरच संपते. माझं मत असं: आधी गाडीच्या पुस्तकातला मंजुरीचा नंबर, मग ग्रेड (5डब्ल्यू-40 सारखा घट्टपणाचा आकडा), आणि 'सिंथेटिक' हा शब्द सगळ्यात शेवटी.

'फुल्ली सिंथेटिक' हे मानक नाही. 1999 साली अमेरिकेत जाहिरातींवरून झालेल्या एका तंट्याच्या निकालानंतर खनिज तेलच हायड्रोक्रॅकिंगने शुद्ध करून बनवलेल्या ग्रुप 3 बेस ऑइललाही (म्हणजे मूळ तेलालाही) हा शब्द सर्रास लागू लागला. ग्रुप 3 वाईट अजिबात नाही, पण त्या शब्दावरून फॉस्फरस किती, राख किती, 150 अंशांना बेअरिंगमध्ये ऑइलची फिल्म किती टिकेल, यातलं काहीच कळत नाही.

डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे तीन प्रकारची वाक्यं सापडतात. 'अमुक नंबरची मंजुरी आहे' म्हणजे ऑइल कंपनीने चाचण्यांचे निकाल इंजिन कंपनीला दिले आणि तिने ते नाव आपल्या यादीत घातलं. 'अमुक नंबरची पूर्तता करते' हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा. 'अमुक नंबर लागतो तिथे वापरण्यास योग्य' हे त्याहून ढिलं, कारण इथे कुणी काही तपासलं असेलच असं नाही. तिन्ही वाक्यांत नंबर तोच छापलेला असतो, म्हणून घाईत फरक लक्षात येत नाही.

याची गरज का, ते 2016 मध्ये दिसलं. त्या डिसेंबरात एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) डिझेल ऑइलसाठीचा सीके-4 दर्जा लागू झाला. डिझेल आणि पेट्रोल दोन्ही इंजिनांना चालावं म्हणून काही सीके-4 ऑइलमध्ये फॉस्फरस 800 पीपीएमच्या आसपास उतरवला गेला. पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून. पण कॅम, रॉकर, पुशरॉड यांची झीज थोपवणारं झेडडीडीपी हे रसायन म्हणजेच तो फॉस्फरस आणि जस्त. फोर्डने आपल्या डिझेल इंजिनांसाठी सरसकट सीके-4 नाकारलं, डब्ल्यूएसएस-एम2सी171-एफ1 हा वेगळा नंबर काढला आणि फॉस्फरस किमान 1000 पीपीएम मागितला. म्हणून सांगतो, यादीत नाव नसेल तर ते ऑइल घेऊ नका.

पाना 13

शेवटच्या वाक्याशी असहमत. यादीत नाव नाही म्हणजे ऑइल नापास झालं असं नाही. मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो, चाचण्यांचा खर्च सोसावा लागतो, आणि मिश्रण बदललं की कागदपत्रं पुन्हा. छोट्या कंपन्या ते टाळतात, ऑइल चांगलं असूनही.

आणि सीके-4 ला इतकं हलकं लेखू नका. या दर्जात ऑक्सिडेशनसाठी व्होल्वो टी-13 आणि ऑइलमध्ये हवा किती मिसळते यासाठी कॅटरपिलरची चाचणी नव्याने आली. शिअरच्या (घासलं जाऊन ऑइल पातळ होण्याच्या) चाचणीत इंजेक्टरमधून 90 वेळा पिळून काढल्यावरही ऑइल आपल्या ग्रेडमध्ये राहावं लागतं. शिवाय ते सीजे-4, सीआय-4 प्लस, सीएच-4 हे आधीचे दर्जे मागणाऱ्या जुन्या इंजिनांनाही चालतं. कमिन्सचं डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेलं जुनं 5.9 लिटर इंजिन असेल तर एपीआयचा गोल शिक्का असलेलं कुठलंही सीके-4 पुरे. यादीच्या मागे लागून जादा पैसे घालण्यापेक्षा चांगला फिल्टर घ्या, एअर फिल्टरच्या डब्याचं सील नीट बसलंय का ते बघा. धूळ आत गेली तर कुठलीही मंजुरी इंजिन वाचवत नाही.

डिपस्टिक

जुन्या 5.9 पुरतं मान्य. पण सीके-4 मध्ये फॉस्फरसला 0.12 टक्के ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. म्हणजे तोच गोल शिक्का 800 पीपीएमवरही असतो आणि 1150 वरही. शिक्का खोटा नाही, त्याने तो प्रश्न विचारलेलाच नाही. यादीत नसलेलं ऑइल घ्यायचंच असेल तर निदान कंपनीची उत्पादन माहितीपत्रिका उघडून चार आकडे बघा: फॉस्फरस, सल्फेटेड अ‍ॅश (जळल्यावर उरणारी राख), टीबीएन (आम्ल मारायची ताकद) आणि एचटीएचएस (150 अंशांना, दाबाखाली ऑइल किती घट्ट राहतं). ज्या पत्रिकेत हे चारही नसतात ते ऑइल बाजूला ठेवा.

आणि नव्या इंजिनांत प्रकरण झिजेपुरतं राहिलेलं नाही. फोर्डच्या 2.0 लिटर इकोब्लूच्या अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात भिजत फिरतो. जीएमच्या 3.0 लिटर ड्युरामॅक्समध्ये ऑइल पंप फिरवणारा बेल्ट तसाच तेलात, तोही इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवा. बेल्टच्या रबराला न मानवणारी रसायनं आली की तो फुगतो, कडेने सुटतो, आणि त्याचे तुकडे सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीवर बसतात. मग प्रेशर जातं आणि टर्बो आधी मरतो. इथे 'पूर्तता करते' वर विसंबू नका.

पाना 13

तेलातल्या बेल्टचा मुद्दा मान्य, तिथे यादीच. बाकी इंजिनांबाबत माझं म्हणणं कायम.

जडवाहतूक

मंजुरीवरून भांडताना ग्रेड राहूनच गेली. ट्रेलर ओढणाऱ्या, घाट चढणाऱ्या पिकअपला 5डब्ल्यू-40 हवं. पुस्तकात 10डब्ल्यू-30 लिहिलेलं असलं तरी त्याच पानावर खाली जड कामासाठीची वेगळी ओळ बऱ्याचदा असते, ती कुणी वाचत नाही. 40 ग्रेडची 100 अंशांवरची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) किमान 12.5 सेंटीस्टोक, 30 ची 9.3 पासून सुरू. ऑइल सम्पमध्ये 120 अंशांच्या पुढे गेलं की हा फरक बेअरिंगला कळतो.

सगळ्यात मोठा धोका एफए-4 या एपीआयच्याच दुसऱ्या दर्जाचा. सीके-4 च्याच दिवशी आलं, डबाही तसाच दिसतो, 10डब्ल्यू-30 हेच लिहिलेलं. पण सीके-4 मधल्या 30 ग्रेडचा एचटीएचएस किमान 3.5, आणि एफए-4 चा मुद्दाम 2.9 ते 3.2 मध्ये ठेवलेला. ते मागच्या दर्जांची जागा घेत नाही. पुस्तकात एफए-4 असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते पिकअपमध्ये ओतू नका.

काजळी

एफए-4 बद्दल शंभर टक्के सहमत. 'जड काम म्हणजे 40' याबद्दल नाही. वर आलेलं 3.0 ड्युरामॅक्सच घ्या, त्याला जीएमच्या डेक्सॉस डी मंजुरीचं 0डब्ल्यू-20 लागतं. त्याचा पंप, बेअरिंगच्या फटी, पिस्टनखालचे ऑइल जेट, सगळं त्या पातळ ऑइलवर बेतलेलं. त्यात 'ओझं ओढतोय' म्हणून 5डब्ल्यू-40 घालणं म्हणजे कारखान्याचं गणित मोडणं. उलट 6.6 लिटर ड्युरामॅक्सला 15डब्ल्यू-40 चालतं. कंपनी एक, बॅज एक, ऑइल वेगळी. इंजिन आणि साल पाहिल्याशिवाय ग्रेडचा सल्ला देऊच नये.

थंडीत मात्र पहिला आकडा महत्त्वाचा. 15डब्ल्यू ची स्टार्टिंगची चाचणी उणे 20 अंशांना होते, 5डब्ल्यू ची उणे 30 ला. कडाक्याच्या थंडीत सिंथेटिकचा फायदा खरा दिसतो तो इथे.

सम्प आणि फिल्टर

फायदा तेवढाच नाही. सिंथेटिक उष्णतेला जास्त टिकतं, म्हणून बदलण्याचं अंतर वाढवता येतं. साधं ऑइल ज्या अंतराला काढतो त्याच अंतराला हे काढून टाकणं म्हणजे चांगलं ऑइल फेकणं.

काजळी

इथेच लोक फसतात. डीपीएफवाल्या पिकअपमध्ये ऑइल उष्णतेने कमी आणि डिझेल मिसळून जास्त खराब होतं. हा फिल्टर काजळीने भरला की ती जाळायला, म्हणजे रिजनरेशनसाठी, एक्झॉस्ट तापवावा लागतो. बऱ्याच पिकअपमध्ये त्यासाठी इंजेक्टर पॉवर स्ट्रोक संपता संपता सिलिंडरमध्येच जादा डिझेल मारतो. पिस्टन तेव्हा खाली असतो, फवारा उघड्या पडलेल्या लाइनरवर बसतो आणि रिंगांमागून सम्पमध्ये उतरतो. गाडी लांब पळाली तर त्यातलं बरंच उडून जातं. शहरात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या आणि मध्येच बंद पडणारं रिजनरेशन असेल तर ते साचत राहतं. बायोडिझेलचा अंश तर आणखी चिवट, तो उकळून जात नाही.

लक्षण डिपस्टिकवर दिसतं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर सरकलेली, थेंब बोटावरून पाण्यासारखा ओघळतो, नाकाशी नेला तर डिझेलचा वास. 'ऑइल अजिबात खात नाही' म्हणून समाधान मानण्याची ही वेळ नाही, पातळी वाढते आहे. साधारण 5 टक्के डिझेल मिसळलं की 40 ग्रेडचं ऑइल 30 च्या पट्ट्यात येऊन पडतं. बेस ऑइल रसायनांपासून जोडून बनवलेलं पीएओ असो की ग्रुप 3, हे पातळ होणं कुणालाच चुकत नाही.

सम्प आणि फिल्टर

म्हणूनच तर चाचणी करून अंतर ठरवायचं, अंदाजाने नाही. नमुना घ्यायची पद्धत चुकली तर आकडे निरुपयोगी होतात, म्हणून नीट लिहितो. गाडी चालवून ऑइल गरम करा. ड्रेन प्लग काढल्यावर पहिली धार बाटलीत घेऊ नका, तिच्यात तळाचा गाळ असतो, आणि शेवटचीही नको. मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत. बाटलीवर इंजिन, ऑइलचं नाव, ऑइलवर झालेले किलोमीटर आणि मध्ये किती टॉप-अप केलं ते लिहा.

अहवालात मी आधी व्हिस्कॉसिटी आणि इंधनाचं प्रमाण बघतो. इंधन 2 टक्क्यांच्या पुढे गेलं तर सावध, 5 ला ऑइल काढा आणि इंजेक्टर तपासा. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढले तर कूलंट आत येतोय. सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम बरोबरीने चढले तर एअर फिल्टरच्या बाजूने धूळ शिरते आहे. टीबीएन नव्या ऑइलच्या निम्म्यावर आला की पुढे रेटू नका. एका अहवालावर निर्णय घेऊ नका, तीन सलग अहवालांत रेष कुठे जाते ते पाहा.

काजळी

अशा शिस्तीने कुणी करत असेल तर माझा विरोध नाही. पण त्यातही पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या आत. वॉरंटी चालू असताना तर नक्कीच.

जडवाहतूक

टीबीएनचा विषय निघालाच आहे तर डीपीएफवाल्या गाडीत जास्त टीबीएनच्या मोहात जुन्या धाटणीची ऑइल घालणाऱ्यांसाठी. टीबीएन देणारे कॅल्शियम, मॅग्नेशियमचे डिटर्जंट जळल्यावर राख होतात. काजळी रिजनरेशनमध्ये जळते, राख जळत नाही, ती डीपीएफच्या नळ्यांत टोकाला साचते आणि फिल्टर उतरवून साफ केल्याशिवाय जात नाही. एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ई7 दर्जात राख 2 टक्क्यांपर्यंत चालते, सीके-4 मध्ये 1 टक्का, एसीईएच्याच सी3 मध्ये 0.8. ई7 चं ऑइल डीपीएफमध्ये नको.

पाना 13

याची दुसरी बाजूही लिहा. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तिथे कमी राखेच्या ऑइलचा टीबीएन लवकर संपतो आणि बेअरिंगला आम्ल खातं. सी3 मध्ये टीबीएन किमान 6, ई7 मध्ये 9. डीपीएफ नसलेल्या पिकअपला, गंधकवाल्या इंधनावर, सी3 घालण्यात काही अर्थ नाही. कमी राख म्हणजे 'भारी' ऑइल, ही समजूत चुकीची आहे.

जडवाहतूक

बरोबर. डीपीएफ आहे की नाही, हा पहिला प्रश्न.

डिपस्टिक

ऑइल कुठलंही घ्या, बदलतानाच्या दोन चुका बघून घ्या. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर बसतो. स्टार्ट केल्यावर दोन रबरांमधून ऑइलचा फवारा उडतो. बसवण्याआधी त्या जागेवरून बोट फिरवून बघा. दुसरी चूक पुस्तकातला सगळा आकडा एकदम ओतण्याची. 6.7 पॉवर स्ट्रोकला 12.3 लिटर लागतं, पण उतारावर किंवा घाईत निचरा केला तर जुनं थोडं आत राहतंच. एक लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, थांबा, मग पट्टी बघून भरा. जास्त झालं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून ऑइल इंटरकूलरमध्ये जातं.

सम्प आणि फिल्टर

फिल्टर आधीच भरून बसवा, हेही लिहा. म्हणजे टर्बो सुरुवातीचे काही सेकंद कोरडा फिरत नाही.

पाना 13

भरायचा तर बाहेरच्या बारीक छिद्रांतून. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेलं ऑइल कागदातून गाळलं न जाता थेट बेअरिंगला जातं, डब्याच्या तोंडावरची धूळ घेऊन. ते झाकायला टोपी नसेल तर कोरडाच बसवा आणि सुरू केल्यावर प्रेशर येईपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका.

डिपस्टिक

इथे तुमचंच बरोबर. आणखी एक, टॉप-अपचं. एका सीके-4 मध्ये दुसऱ्या कंपनीचं त्याच ग्रेडचं सीके-4 मिसळलं तर इंजिनाला काही होत नाही, अडचणीत बिनधास्त घाला. पण मग त्या भरणीवर मंजुरी आहे असं धरू नका आणि अंतर वाढवू नका. गाडीत त्याच डब्यातलं एक लिटर ठेवलं तर ही वेळच येत नाही.