शनिवारच्या पालकसभेआधी: ‘मनाचा तास’ हवा की नको?

सी-७०२: नमस्कार मंडळी. आपल्या बिल्डिंगमधली बरीच मुलं ज्या शाळेत जातात, तिथून काल परिपत्रक आलंय. जूनपासून पहिली ते चौथीला आठवड्यातून एकदा ‘मनाचा तास’. श्वासाचे व्यायाम, भावना ओळखणं, अपयश पचवणं असं सगळं लिहिलंय. त्यासाठी गणिताची एक तासिका जाणार. शनिवारी पालकसभा आहे. काय बोलायचं ते आधी ठरवूया का?

ए-१०१: गणिताची तासिका द्यायला माझा विरोध. मुलगी तिसरीत आहे, पाढे बाराच्या पुढे सरकत नाहीत. मन खंबीर करणं हे घरचं काम. शाळेने विषय शिकवावेत.

बी-५०३: माझा मुलगा दुसरीत. दर सोमवारी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. रविवारी संध्याकाळपासूनच गप्प होतो. सोमवारी श्रुतलेखन असतं आणि कुणाच्या किती चुका झाल्या ते वर्गात मोठ्याने वाचतात. त्याच वर्गात आता अपयश पचवायला शिकवणार. तास मला हवाच आहे, पण विश्वास बसत नाही.

डी-२०२: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालो. माझी भाची अजून शिकवते. सरकारने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, तोही मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणूनच. तिच्या शाळेत त्या दिवशी मुलं गोल करून बसतात, आठवड्यात काय आवडलं, कशाचा राग आला ते सांगतात, मग खेळतात. तिथे छान चाललंय, कारण मुख्याध्यापिकेला त्यात रस आहे. जिथे रस नसतो तिथे तो शनिवार माहितीचे तक्ते भरण्यात जातो, हेही तिनेच सांगितलं.

बी-३०४: मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. राग मानू नका.

ताई, आधी तुमच्या मुलाबद्दल. त्याचं पोट खरंच दुखत असतं. सात वर्षांच्या मुलाला ‘मला धास्ती वाटते’ हे शब्दांत सांगता येत नाही. ती पोटातून, डोकेदुखीतून, सारखं शू-ला जाण्यातून बाहेर पडते. आपण ‘नाटकं करू नकोस’ म्हटलं तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगत नाही, एवढाच फरक पडतो. रविवारी दुपारी, तो गप्प व्हायच्या आधी, सहज विचारा की उद्याचा कुठला भाग नकोसा वाटतो. बाईंना भेटा. पण सोमवारी घरी ठेवू नका. घरी राहिल्यावर त्या दिवशी सुटका होते आणि पुढच्या सोमवारी पाय आणखी जड होतात. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. ठाण्यात आयपीएच आहे, मानसिक आरोग्यासाठीची डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था, १९९० पासून काम करते. तिथेही जाता येईल.

आता तासाबद्दल. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये ‘हॅपिनेस करिक्युलम’ सुरू झाला. नर्सरी ते आठवी, पहिलीपासून पुढे रोज एक तासिका, परीक्षा नाही. एक गोष्ट सांगायची आणि तिच्यावर मुलांना बोलू द्यायचं, उत्तर बरोबर की चूक ते शिक्षकाने ठरवायचं नाही. मला त्यातलं ‘रोज’ महत्त्वाचं वाटतं. आठवड्यातून एकदा डोळे मिटून बसवल्याने काय होतं? ब्रिटनमध्ये ८ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासाकडे आणि मनाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या, धड्यांचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ती मुलं आपल्या चिमुरड्यांपेक्षा मोठी होती, ११ वर्षांच्या पुढची, तरीही शाळेने ते लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

चांगला तास मी पाहिलाय. हिरमुसणं, हेवा, भीती, कंटाळा ही नावं मुलं आपापल्या अनुभवाला लावून बघतात. गरम दुधावर फुंकर घालतो तसा श्वास लांब सोडतात. डोकं तापलं तर शांत बसायला वर्गात एक कोपरा असतो, आणि तो शिक्षेचा नसतो. पण त्याच बाई पुढच्या तासाला ‘चौथीत आलास तरी एवढं येत नाही?’ म्हणाल्या, की मुलं तेच लक्षात ठेवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. चुकांचं जाहीर वाचन करताना शाळांना हे आठवतच नाही.

ए-१०१: ताई, पटतंय, पण गणिताचं काय?

बी-३०४: दादा, २०११ मध्ये अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा निघाला होता, सुमारे २ लाख ७० हजार मुलांचा. नीट चालवलेल्या कार्यक्रमांत मुलं अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइल पुढे गेली. घाबरलेल्या मुलाला पाढा येत असूनही आठवत नाही, हे तुम्ही घरी बघत असाल.

ए-१०१: हो. माझ्यासमोर म्हणते, बाईंसमोर अडकते.

सी-७०२: मग सभेत नेमकं काय विचारायचं?

बी-३०४: हा तास कोण घेणार, आणि त्यांना प्रशिक्षण कुणी दिलंय? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय, आपल्या शाळेत आहे का? दुसरं, मुलाला चारचौघांत घरचं सांगायची सक्ती होणार नाही ना? ‘आई-बाबा भांडतात का’ असा प्रश्न चाळीस मुलांपुढे विचारायचा नसतो. आणि एखाद्याने खरंच गंभीर काही सांगितलं, कुणी मारतं, नको तसा हात लावतं, तर बाई कुणाकडे जाणार? पॉक्सो म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, त्यात नको तशा स्पर्शाचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे ठरलेलं नसेल तर मुलांना बोलतं करूच नये, असं माझं स्पष्ट मत. गुण, श्रेणी, ‘सर्वात शांत विद्यार्थी’ असलं बक्षीस तर अजिबात नको.

डी-२०२: एक आपल्या अंगणातलं बोलू का? हरायला मुलं शिकायची ती खाली खेळताना. लहानग्याला कच्चा लिंबू करून घ्यायचे, मग एके दिवशी तो पक्का भिडू व्हायचा आणि आउट झाला की रडायचा. कुणी मोठा मध्ये पडत नसे. रडून झालं की परत यायचा, कारण पुढचा डाव सुरू झालेला असायचा. राज्य कुणावर, खोटं कोण खेळलं, ही भांडणं त्यांचीच आणि मिटवायची त्यांनीच. आज आपल्या आवारात काय आहे? मागची मोकळी जागा पार्किंगला गेली आणि पुढे ‘बॉल खेळण्यास मनाई’चा फलक. शाळेकडे मागण्या करूच, पण तो फलक आपणच लावलाय.

ए-४०४ (सेक्रेटरी): काका, काचा फुटल्याच्या आणि दुपारी झोपमोड होते अशा तक्रारी आल्या होत्या, म्हणून लावला.

डी-२०२: तक्रारी खऱ्या आहेत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात द्या. टेनिसचा चेंडू नको, प्लास्टिकचा चालेल. मागच्या चार गाड्या त्या वेळेपुरत्या रस्त्याच्या बाजूला लावू. माझी गाडी त्यातलीच एक, मी रोज काढीन.

बी-३०४: आणि मोठ्यांपैकी एकाने बाकावर बसावं, फक्त लागलं-खुपलं तर. भांडण सोडवायला धावायचं नाही.

ए-४०४ (सेक्रेटरी): रविवारच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घेतो. उरलेल्या तीन गाडीवाल्यांशी बोलून घ्या, म्हणजे तिथे अडणार नाही.

सी-७०२: तिघांशी मी बोलते. शाळेसाठी प्रश्न एका कागदावर लिहून इथे टाकते, ज्यांना पटेल त्यांनी सही करा 🙏

बी-५०३: मी सभेची वाट बघत नाही, उद्याच बाईंना भेटते. चुका वहीत दाखवा, मोठ्याने वाचू नका, एवढंच मागणार आहे. एकटी गेले की ‘तुमचाच मुलगा हळवा आहे’ असं ऐकावं लागतं.

ए-१०१: माझी मुलगी गेल्या वर्षी त्याच बाईंकडे होती. मी येतो बरोबर. किती वाजता निघायचं?

बी-५०३: साडेसातला, मुलांना सोडतानाच.