मदत हवी आहे: ०.१५ मिली औषध घरी कसं मोजायचं?

बाल्कनीत जास्वंदीच्या पाच कुंड्या आहेत, पिठ्या ढेकूण हटत नाहीये. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी करून झालं. आता इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल हे पाण्यात मिसळायचं द्रव कीटकनाशक आणलंय. प्रमाण लिटरला ०.३ मिली, पण माझा फवारा अर्ध्या लिटरचा. म्हणजे हवं फक्त ०.१५ मिली!

खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर सगळ्यात खालची रेघ २.५ मिलीची. किचनचा काटा एक ग्रॅमखाली हलतच नाही. ड्रॉपरने आधी साधं पाणी मोजून पाहिलं: ५ मिलीला एकदा ९२ थेंब, दुसऱ्यांदा १०४. शिवाय औषधाचा थेंब पाण्याच्या थेंबाएवढाच पडेल असंही नाही. जास्त द्रावण करून उरलेलं ठेवायचं नाहीये, घरात लहान मूल आहे. ही मापं स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, तेव्हा त्याची काळजी नको.

दोन मार्ग सुचतात. एक, लाल टोपणाची ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज. ४० युनिट म्हणजे १ मिली, तर ६ युनिट झाले ०.१५. पण सुई निघत नाही, तिच्यातून हे दाट औषध नीट ओढलं जातं का? हवेचा एक बुडबुडा आला तरी एकदोन युनिट गेलेच. दुसरा, साध्या १ मिलीच्या सिरिंजने १ मिली औषध ९ मिली पाण्यात मिसळून त्यातलं १.५ मिली घ्यायचं. मग उरलेल्या साडेआठ मिलीचं काय करू? मोरीत ओतायचं नाहीये.

कुणी यातलं प्रत्यक्ष केलंय का, आणि कशाने माप जास्त अचूक येतं?