अहवालात ‘फर्स्टहँड’ नेमकं कुठे लावायचं?

बडोदे_रावपुरा: इथल्या जुन्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर इंग्रजीत अहवाल लिहितेय. ‘आय सॉ द पेंटिंग्ज बाय फर्स्टहँड’ (म्हणजे चित्रं मी स्वतः पाहिली) चुकीचं आहे म्हणे. काय बदलू? शब्द जोडून लिहायचा की तोडून? रखवालदाराने सांगितलेलंही फर्स्टहँड धरायचं का?

मांडवीकर: फक्त ‘बाय’ काढा. ‘सॉ द पेंटिंग्ज फर्स्टहँड’मध्ये ते क्रियाविशेषण आहे, आधी प्रिपोझिशन लागत नाही. ‘ॲट’ चालतं, पण तेव्हा ‘ॲट फर्स्ट हँड’ असे सुटे शब्द. अकाउंट, नॉलेज अशा नामाआधी अमेरिकन जोडून लिहितात, ब्रिटिश मधे जोडरेघ देतात. कुठलंही घ्या, अहवालभर तेच ठेवा. ‘फर्स्टहँडली’ नको. ‘पर्सनल फर्स्टहँड एक्सपिरियन्स’मधलं ‘पर्सनल’ फुकटचं.

न्यायमंदिर_नाका: रखवालदाराला कोर्टाची कसोटी लावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 55 (1 जुलै 2024पासून लागू, 1872च्या कायद्यात हेच कलम 60 होतं): गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ज्याने पाहिली त्यानेच सांगायची, ऐकण्याजोगी असेल तर ज्याने ऐकली त्याने. कायद्यातला शब्द ‘डायरेक्ट’ आहे, तर्क हाच. भिंतीला ओल आलेली रखवालदाराने पाहिली, तर ती माहिती त्याची फर्स्टहँड, तुमची नव्हे. लिहा: ‘द केअरटेकर, हू सॉ इट फर्स्टहँड, सेज...’ चित्रं कोणी काढली हे तो सांगत असेल तर ते ऐकीवच. एकोणिसाव्या शतकातलं काम, पाहणारा उरलाय कोण?

जुनी_कागदपत्रं: फर्स्टहँड म्हणजे ताजं किंवा बिनचूक असं मात्र नाही. 1858 साली झाशीला वेढा पडला तेव्हा विष्णुभट गोडसे शहरातच होते; ‘माझा प्रवास’ ही हकिकत लिहिली कितीतरी वर्षांनी. तरी ती फर्स्टहँडच, तपशील पडताळावे लागतात इतकंच. ‘प्रायमरी सोर्स’शीही (त्या काळातलं मूळ साधन) गल्लत नको. त्या काळच्या पत्रात ऐकीव बातमी असली तरी पत्र प्रायमरी राहतं. बातमी फर्स्टहँड होत नाही.

बडोदे_रावपुरा: आणि ‘हँड्स-ऑन’?

मांडवीकर: ते स्वतः काम केल्यावर. चित्रांच्या डागडुजीत हात घातला असेल तरच लिहा, नुसतं पाहिल्यावर नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात पहिल्या मालकाच्या गाडीला ‘फर्स्ट हँड’ म्हणतात, ते आपल्याकडचं. वस्तूच्या बाबतीत ‘सेकंडहँड’च्या उलट साधं ‘न्यू’.